पॉडकास्टची लाट, डाउनलोडचे आकडे आणि तुमचे सहा भाग

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाद्यं दुरुस्त करणाऱ्या कारागिरांशी बोलून तुम्ही सहा भाग रेकॉर्ड केलेत. त्यातले तीन प्रसिद्ध केले आणि प्रत्येकाला 40 ते 60 डाउनलोड मिळाले. आता एका कंपनीने 24 भागांचं पॅकेज पुढे केलंय. स्टुडिओ त्यांचा, कॅमेरे त्यांचे, छोट्या क्लिप ते कापून देणार आणि वर 'श्रोतेवाढीची हमी' देणार. पैसे तुम्ही भरायचे, फीड त्यांच्या खात्यावर राहणार. "पॉडकास्टची लाट आहे, आत्ता आलात तर आलात," असं ते म्हणाले. हे खरं मानायचं, की हा सगळा फुगा आहे, असं तुम्ही विचारलंय.

पॅकेज घेऊ नका. उत्तर लांबणार आहे, म्हणून एवढं आधीच सांगून टाकतो. फुग्याबद्दल मात्र एका वाक्यात उरकता येणार नाही. मी पंधराहून जास्त वर्षं लोकांचे आणि स्वतःचे पॉडकास्ट रेकॉर्ड करतोय, कापतोय, मिक्स करतोय. एवढ्या काळात "लाट आली" असं अनेकदा ऐकलं आणि दर वेळी थोड्या वर्षांनी "लाट ओसरली" असंही ऐकलं. लाट म्हणजे दर वेळी कुणीतरी या माध्यमात ओतलेला पैसा होता. तो पैसा का आला, कशाच्या आशेने आला आणि परत का गेला, हे नीट कळलं की तुमच्या समोरचं पॅकेजही कळेल.

मुळात पॉडकास्ट ही फार साधी व्यवस्था आहे. सर्व्हरवर एक ध्वनिफाइल ठेवायची आणि शेजारी मजकुराची एक छोटी फाइल ठेवायची. त्या मजकुरात भागाचं नाव, तारीख आणि ध्वनिफाइलचा पत्ता असतो. हेच फीड. ऐकणाऱ्याचं ॲप अधूनमधून येऊन फीड वाचतं आणि नवीन काही दिसलं तर उचलून नेतं. डेव्ह वायनर यांनी आरएसएस या फीड लिहिण्याच्या पद्धतीत ध्वनिफाइल जोडण्याची सोय केली ती 2000-2001 च्या सुमारास. 2003 मध्ये रेडिओ पत्रकार ख्रिस्तोफर लायडन यांच्या मुलाखती अशा रीतीने लोकांपर्यंत जाऊ लागल्या. 2004 मध्ये ॲडम करी यांनी फीडमधली फाइल आपोआप आयपॉडवर नेण्याची युक्ती लोकांपुढे आणली. त्याच वर्षी फेब्रुवारीत 'गार्डियन' या ब्रिटिश वृत्तपत्रातल्या एका लेखात बेन हॅमर्स्ली यांनी या प्रकाराला काय म्हणावं याची दोन-तीन नावं सुचवली, त्यात 'पॉडकास्टिंग' हे एक होतं. या सगळ्यात कुणाची परवानगी लागत नव्हती, कुणाला भाडं द्यावं लागत नव्हतं. आजही लागत नाही. मला या माध्यमाबद्दल जी माया आहे ती या एका गोष्टीमुळे आहे, आणि पुढे जे कडक बोलणार आहे तेही तिच्यामुळेच.

पहिली लाट जून 2005 मध्ये आली. ॲपलने आयट्यून्स या आपल्या संगीताच्या ॲपमध्ये (आवृत्ती 4.9) पॉडकास्ट घेतले आणि दोन दिवसांत 10 लाख सबस्क्रिप्शन झाल्याचं जाहीर केलं. वर्षअखेरीस न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीने 'पॉडकास्ट' हा वर्षाचा शब्द ठरवला. पण त्याच काळात ओडिओ नावाची एक कंपनी फक्त पॉडकास्टवर उभी राहिली होती. ॲपल उतरल्यावर तिला करण्यासारखं फारसं उरलं नाही. तिथल्याच लोकांनी 2006 मध्ये हाताशी असलेल्या वेळेत दुसरंच काहीतरी बनवलं, ते ट्विटर. मधली जागा ताब्यात घेऊन बसण्याचा हा पहिला प्रयत्न होता. उघड्या व्यवस्थेत मधल्या माणसाची गरजच नसते, त्यामुळे तो फसला.

दुसरा प्रयत्न जास्त निर्लज्ज होता आणि तो फार कमी लोकांना आठवतो. पर्सनल ऑडिओ नावाच्या कंपनीने आपल्याकडच्या पेटंटमध्ये पॉडकास्टिंग येतं असा दावा केला आणि पॉडकास्ट करणाऱ्यांकडे पैसे मागायला सुरुवात केली, काहींवर खटले भरले. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने 2013 मध्ये त्या पेटंटला आव्हान दिलं. लोकांनी वर्गणी काढून हा लढा चालवला. 2015 मध्ये अमेरिकी पेटंट कार्यालयाने त्यातले वादाचे दावे रद्द केले, 2017 मध्ये अपील न्यायालयानेही तेच कायम केलं. निकाल उलटा लागला असता तर तुमच्या सहा भागांवरही कुणीतरी हिस्सा मागू शकलं असतं. बाजारीकरण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जाहिराती येतात. मला आधी हे पेटंट आठवतं.

मग 2014 मध्ये 'सीरियल' नावाचा अमेरिकी पॉडकास्ट आला आणि आयट्यून्सवर सर्वात वेगाने 50 लाख डाउनलोडपर्यंत पोचला. एक गोष्ट अनेक भागांत, शांतपणे सांगितलेली लाखो लोक ऐकतात हे तिथे सिद्ध झालं. मोठ्या पैशाचं लक्ष इकडे वळायला तेवढं पुरलं.

तो पैसा का आला, इथे थोडं थांबू या, कारण हा भाग 'लाट' विकणारे कधीच सांगत नाहीत. संगीत ऐकवणाऱ्या कंपनीची अडचण अशी असते की गाणं जितकं जास्त ऐकलं जाईल तितका हक्कदारांचा वाटा वाढतो. बोलण्याच्या कार्यक्रमाला तो वाटा नाही. ऐकणाऱ्याच्या दिवसातली जितकी मिनिटं गाण्यांकडून गप्पांकडे वळतील, तितकं त्या कंपनीचं गणित सुधारतं. शिवाय गप्पांमध्ये जाहिरात घालता येते. स्पॉटिफायने फेब्रुवारी 2019 मध्ये गिमलेट आणि अँकर या पॉडकास्टच्या दोन कंपन्या घेतल्या, त्यानंतर आणखी काही घेतल्या. 2020 मध्ये जाहिरात-तंत्रज्ञानाची मेगाफोन ही कंपनी 23.5 कोटी डॉलरना घेतली. त्याच वर्षी जो रोगन या अमेरिकी पॉडकास्टकाराचा कार्यक्रम फक्त आपल्याच ॲपवर ऐकू येईल असा करार केला. 2019 मध्येच ल्युमिनरी नावाची कंपनी सुमारे 10 कोटी डॉलरचं भांडवल घेऊन उतरली. पैसे भरा आणि आमच्या भिंतीआड ऐका, हे तिचं सूत्र होतं.

यातल्या कुणालाही लोकांना चांगलं ऐकायला हवंय म्हणून हुरूप आला नव्हता. उघड्या मैदानाला कुंपण घालून तिकीट लावता येईल का, हा हिशेब होता.

पुढे काय झालं ते सर्वांसमोर आहे. जून 2023 मध्ये स्पॉटिफायने पॉडकास्ट विभागातली सुमारे 200 पदं कमी केली, गिमलेट आणि दुसरा एक स्टुडिओ एकत्र करून टाकले. स्टिचर हे जुनं ॲप 2020 मध्ये 32.5 कोटी डॉलरपर्यंतच्या सौद्यात विकलं गेलं होतं, ते ऑगस्ट 2023 मध्ये बंद झालं. गूगल पॉडकास्ट 2024 मध्ये बंद झालं. आणि फेब्रुवारी 2024 मध्ये रोगन यांचा नवा करार झाला तेव्हा 'फक्त आमच्याकडे' ही अट काढून टाकली गेली. जगातल्या सर्वात मोठ्या कार्यक्रमांपैकी एक पुन्हा सगळीकडे ऐकू येऊ लागला. कुंपणाने फायदा झाला असता तर ते काढलं नसतं. आता तुमच्यासमोरच्या करारातलं 'फीड कंपनीच्या खात्यावर राहील' हे कलम पुन्हा वाचा. ते त्याच कुंपणाची छोटी आवृत्ती आहे.

फुगा फुटला, म्हणजे पॉडकास्ट संपले असं मात्र अजिबात झालं नाही. त्या वर्षांत मी ज्या फीडवर काम करत होतो त्यांतलं एकही बंद पडलं नाही. ज्या ॲपमधून लोक ऐकत होते ते बंद झालं, लोकांनी दुसरं ॲप घेतलं, तेच फीड तिथे जोडलं आणि मागच्या भागापासून पुढे ऐकायला लागले. फुगा धंद्याचा होता.

आता आकड्यांकडे येतो. तुमच्या प्रश्नात मला सर्वात जास्त काळजी वाटली ती या वाक्याची: "फक्त 40-60 डाउनलोड, म्हणजे विषयातच दम नाही का?" आणि ज्याने तुम्हाला 'वाढीची हमी' दिली त्याने नेमकी इथेच दुखरी जागा हेरली आहे.

डाउनलोड म्हणजे ऐकणं नाही. सर्व्हरला एवढंच दिसतं की अमुक पत्त्यावरून कुणीतरी फाइल मागितली आणि आम्ही इतकी दिली. मोजणीसाठी जाहिरात क्षेत्रातल्या आयएबी या संस्थेचे नियम वापरले जातात. त्यानुसार किमान 60 सेकंदांच्या आवाजाइतकी फाइल पोचली की एक डाउनलोड धरला जातो, आणि एकाच पत्त्यावरून, त्याच ॲपमधून 24 तासांत कितीही वेळा मागणी आली तरी ती एकच मानली जाते. नियम प्रामाणिक आहेत, अनेक खोट्या नोंदी त्यांनी गाळल्या. पण माणसाने फाइल उघडली का, उघडून किती ऐकली, ऐकताना तो जागा होता का, यातलं काहीच या आकड्याला माहीत नसतं. सबस्क्राइब केलेल्या फोनवर भाग आपोआप उतरतो, महिनोन्महिने न ऐकता पडून राहतो आणि तरी मोजला जातो.

सप्टेंबर 2023 मध्ये हे उघडं पडलं. ॲपलने आयओएस 17 या आयफोनच्या नव्या प्रणालीत भाग आपोआप उतरवण्याचे नियम बदलले. जो माणूस सलग काही भाग ऐकतच नाही त्याच्या फोनवर नवीन भाग उतरवणं थांबलं, आणि मध्ये थांबलेला श्रोता परतला की मागचा सगळा साठा एकदम उतरायचा तेही बंद झालं. मी ज्या एका मालिकेचं संकलन करत होतो तिचे आकडे काही आठवड्यांत जवळपास एक तृतीयांशाने खाली आले. निर्माते हादरले. मी त्यांच्याबरोबर बसून श्रोत्यांची पत्रं मोजली. बदलाआधीच्या तीन महिन्यांत जितकी आली होती, नंतरच्या तीन महिन्यांत साधारण तितकीच आली. गेलेले 'श्रोते' हे मुळात न ऐकणारे फोन होते, आणि त्या फोनांच्या जोरावर आधी जाहिरातीचा दर ठरत होता.

याहून वाईट प्रकार विकत घेतलेल्या डाउनलोडचा. 2022 मध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने हे सविस्तर छापलं होतं. मोबाइलवरच्या खेळात पुढची पातळी किंवा बक्षीस हवं असेल तर खेळणाऱ्याला एक जाहिरात उघडावी लागते, त्या जाहिरातीत पॉडकास्टचा भाग सुरू होतो, फाइल उतरते, डाउनलोड मोजला जातो. खेळणारा त्या वेळात बक्षिसाकडे बघत असतो. मला हे आधी एका कामात दिसलं होतं. हजारांत चालणारी मालिका एका आठवड्यात दहापट झाली. निर्माता पेढे वाटायच्या आनंदात होता. मी ॲपनिहाय नोंदी उघडल्या तर बहुतेक नवीन मागण्या एकाच अनोळखी ॲपमधून, आणि जवळपास सगळ्या एकाच लांबीवर तुटलेल्या. त्या आठवड्यात एकही नवीन पत्र नाही, एकही नवीन प्रश्न नाही. प्रसिद्धीचं काम ज्यांना दिलं होतं त्यांनी 'हमी' पाळली होती, एवढंच.

म्हणून 'श्रोतेवाढीची हमी' ऐकली की मी एकच प्रश्न विचारतो: हमी कशाची? कारागिराच्या गोष्टीसाठी माणूस थांबेल याची हमी कुणी देऊ शकत नाही. हमी फक्त मोजपट्टीवरच्या आकड्याची देता येते, आणि तो आकडा विकत मिळतो. तो तुमच्याच पैशातून विकत घेतला जाईल.

आता तुमच्या 40-60 बद्दल. बझस्प्राउट ही होस्टिंग कंपनी, म्हणजे पॉडकास्टच्या फायली आणि फीड आपल्या सर्व्हरवर ठेवणारी कंपनी, आपल्याकडच्या भागांची आकडेवारी नियमितपणे जाहीर करते. नवीन भागाला पहिल्या सात दिवसांत 30 च्या आसपास डाउनलोड मिळाले तर तो तिथल्या निम्म्या भागांच्या पुढे असतो. वरच्या एक टक्क्यात जायला काही हजार पुरतात. लाखांच्या गप्पा ऐकून आपण स्वतःला कुठे मोजतोय ते बघा. तुमचे भाग पहिल्याच प्रयत्नात मध्याच्या वर असण्याची बरीच शक्यता आहे, तीही एका अरुंद विषयावर, एक पैसा प्रसिद्धीवर न घालता.

जाहिरातीचा हिशेबही एकदा करून टाकू, म्हणजे ती आशा मनातून जाईल. जाहिरातीचा दर दर हजार डाउनलोडला ठरतो. अमेरिकी बाजारात तो साधारण 15 ते 30 डॉलरच्या दरम्यान असतो. 25 धरा. 60 डाउनलोडला एका जाहिरातीचे दीड डॉलर होतात. भागात दोन जाहिराती घातल्या तर तीन. दहा हजार डाउनलोड असलेल्या भागाला दोन जाहिरातींचे 500 डॉलर, त्यात मध्यस्थाचा वाटा वेगळा. दहा हजारांचा पल्ला फार थोडे कार्यक्रम गाठतात हे वर पाहिलंच. मग 'पॉडकास्टमध्ये पैसा आहे' असं सांगणारे कुणाच्या जिवावर कमावतात? बहुतेक वेळा पॉडकास्ट करू बघणाऱ्यांच्या. अभ्यासक्रम, पॅकेज, तासावर स्टुडिओ, पाहुणा म्हणून झळकण्याचे पैसे, यादीत वर चढवून देण्याचे पैसे. या सगळ्याचं गिऱ्हाईक तुम्ही आहात. श्रोता या हिशेबात येतच नाही.

मी कमाईच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. माझं घर याच कामावर चालतं. ऐकणाऱ्यांनी थेट दिलेल्या पैशावर चालणारे उत्तम कार्यक्रम मी जवळून पाहिलेत. पेट्रिऑनसारखी सोय 2013 पासून आहे. तुमच्या विषयात तर आणखी एक रस्ता आहे. तारा, लाकूड, हत्यारं बनवणाऱ्या एखाद्या उद्योगाला तुमचे 60 श्रोते दुसऱ्या कुणाच्या 60,000 पेक्षा जास्त मोलाचे असू शकतात, कारण त्यातले बरेच जण वाद्य वाजवणारे किंवा दुरुस्त करणारे असतील. अशा वेळी दर हजाराचा दर विसरायचा आणि सहा भागांच्या मालिकेसाठी एक ठरावीक रक्कम मागायची. मिळेलच असं नाही, पण मागणी तरी खरी असते. फक्त भागात ते नाव स्पष्ट सांगा, आणि ज्याने पैसे दिले त्याच्या मालाबद्दल कारागिराला प्रश्न विचारू नका.

आता कराराचं. यात मी स्वतः पोळलोय. सुरुवातीच्या काळात मी एक मालिका दोनशेहून जास्त भागांपर्यंत नेली होती आणि ती एका फुकट होस्टिंग देणाऱ्या कंपनीकडे ठेवली होती. फीडचा पत्ता त्यांच्या नावाचा. एके दिवशी पत्र आलं, महिन्याभरात सेवा बंद. फायली उतरवून घ्या म्हणाले, त्या मी घेतल्या. पण जुन्या पत्त्यावर येणाऱ्या ॲपला नव्या पत्त्याकडे पाठवायची सोय त्यांनी दिली नाही. तांत्रिक भाषेत याला 301 रीडायरेक्ट म्हणतात, त्याला एक ओळ लागते. ती ओळ न मिळाल्यामुळे माझे सगळे श्रोते एका रात्रीत गेले. त्यांच्या फोनवर शो तसाच दिसत राहिला, नवीन भाग येणं तेवढं थांबलं. बहुतेकांना वाटलं असेल मी कंटाळून सोडून दिलं. त्यांना कळवण्याचा काहीही मार्ग माझ्याकडे नव्हता. ते अजून सलतं.

तेव्हापासून मी कुठल्याही करारात चार गोष्टी लेखी मागतो आणि तुम्हीही कुणाबरोबर कधी काम केलंत तर मागा. फीड माझ्या खात्यावर आणि शक्यतो माझ्या डोमेनच्या पत्त्यावर. करार संपल्यावर किमान वर्षभर रीडायरेक्ट. कच्चं रेकॉर्डिंग, प्रत्येक माइकचा वेगळा ट्रॅक, माझ्याकडे. आणि रेकॉर्डिंग इतर कशासाठी वापरायचं असेल तर दर वेळी माझी आणि ज्याचा आवाज आहे त्याची लेखी परवानगी. शेवटची अट लोक विसरतात. तुमच्या कारागिराने तुमच्यावर विश्वास ठेवून तोंड उघडलंय, कंपनीवर ठेवून नाही. अनेक करारांत 'सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी' असे शब्द असतात. त्या शब्दांत त्याचा आवाज पुढे कुठे कसा वापरला जाईल याला मर्यादा राहत नाही.

व्हिडिओबद्दल थोडक्यात. यूट्यूबने 2025 च्या सुरुवातीला आपल्याकडे महिन्याला 100 कोटींहून जास्त लोक पॉडकास्ट बघतात-ऐकतात असं जाहीर केलं. पॉडकास्ट कशाला म्हणायचं हेही तेच ठरवतात, हे ध्यानात ठेवून तो आकडा वाचावा. बघणारे खूप आहेत यात शंका नाही, दोन माणसांच्या गप्पा बघायला लोकांना आवडतं. तुमच्या कामाला मात्र कॅमेरा मारक ठरेल असं मला वाटतं, आणि का वाटतं ते सांगतो.

तुमचे तिन्ही भाग मी ऐकले. पहिल्या दोन भागांत तुम्ही घाईत आहात. पाहुणा वाक्य संपवायच्या आत 'वा, क्या बात है' येतं. हे सगळ्यांचं होतं, पंचविसाव्या भागापर्यंत आपोआप कमी होतं. आवाज थोडा घुमतोय, माइक तोंडाजवळ आणा, एक वीत पुरे, आणि फॅन बंद करा. पण तिसरा भाग मी दोनदा ऐकला. व्हायोलिनच्या आत, तारा पेलणाऱ्या ब्रिजच्या एका पायाजवळ जी बारीक लाकडी काडी असते, साउंडपोस्ट, ती नुसत्या दाबावर उभी असते, तिला गोंद लावत नाहीत. तुमचा कारागीर ती हलवतोय. वरच्या फटीतून हत्यार आत घालतो, काडीला हलकासा धक्का देतो, तार छेडतो. पुन्हा धक्का, पुन्हा तार. तिसऱ्या वेळी सूर उघडतो. जो आवाज आधी डब्यातून येत होता तो खोलीभर होतो, आणि माणूस काहीच बोलत नाही. तुम्हीही बोलत नाही. मी मोजलं, अकरा सेकंद कुणी बोलत नाही.

ही अकरा सेकंदं स्टुडिओत मिळणार नाहीत. तिथे त्याला सोफ्यावर बसवतील, हातात काही नसेल, समोर तीन कॅमेरे. ज्याचं सगळं ज्ञान बोटांत आणि कानात आहे त्याला तिथे मतं विचारली जातील. आणि समजा आणलंच वाद्य स्टुडिओत, तरी क्लिप कापणारा मुलगा ही शांतता पहिल्या झटक्यात काढेल, कारण त्याला सांगितलेलं असतं की तीन सेकंदांत काही घडलं नाही तर अंगठा पुढे सरकतो. त्याचा दोष नाही. त्याच्या मोजपट्टीत शांततेला किंमतच नाही. जाहिरातीसाठी मोकळ्या जागा हव्यात म्हणून भाग लांबतात, दर आठवड्याला आलंच पाहिजे म्हणून तेच पाहुणे फिरत राहतात, पाहुण्याने पुढे शेअर करावं म्हणून त्याला अडचणीचा प्रश्न विचारला जात नाही. बाजारीकरणाबद्दलची माझी खरी तक्रार ही आहे. मध्ये येणारी जाहिरात तीस सेकंदांत संपते. तिच्यासाठी कार्यक्रमाने जो आकार घेतलेला असतो तो शेवटपर्यंत राहतो.

मग करायचं काय? पॅकेजच्या पैशातला छोटासा भाग एका बऱ्या हातातल्या रेकॉर्डरवर आणि कॉलरला लावायच्या माइकवर खर्च करा. कॉलरचा माइक कारागिराला, रेकॉर्डर वाद्याजवळ, म्हणजे बोलणं आणि सूर वेगळ्या ट्रॅकवर येतील. प्रत्येक खोलीची एक मिनिटभर रिकामी शांतता रेकॉर्ड करून ठेवा, जोडकामात ती लागते. फाइलचा एकूण आवाज उणे 16 एलयूएफएसच्या (आवाजाची पातळी मोजायचं एकक) आसपास ठेवा. बोलण्यासाठी मोनो (एकच चॅनेल) आणि 64 केबीपीएस, म्हणजे सेकंदाला 64 किलोबिट, चालतं, तासाला साधारण 29 एमबी होतात. तुमच्या भागांत सूर महत्त्वाचा आहे, म्हणून 128 ठेवा. होस्टिंग असं घ्या जे महिन्याला ठरावीक पैसे घेतं आणि निघताना रीडायरेक्ट देतं. पैसे घेणारं होस्टिंग मला फुकटच्यापेक्षा बरं वाटतं, त्यात त्यांचा धंदा काय आहे ते उघड दिसतं.

नोकरी सोडायचा विचार शेवटच्या ओळीत तुम्ही हळूच घातलाय. सोडू नका. नोकरी आहे म्हणून तुम्ही दर आठवड्याला भाग काढायला बांधील नाही. सहा भागांचं एक पर्व करा, तीन-चार महिने थांबा, पुन्हा सहा. आरएसएसची हीच तर सोय आहे. तुम्ही वर्षाने भाग टाकलात तरी ज्याने सबस्क्राइब केलंय त्याच्यापर्यंत तो जातो, कुठल्याही अल्गोरिदमची मर्जी राखावी लागत नाही.

आकडे बघायचेच असतील तर ॲपल आणि स्पॉटिफाय दोघेही आपापल्या ॲपमध्ये लोकांनी भाग कुठपर्यंत ऐकला याचा आलेख देतात, तो बघा. श्रोते कमी असले की आलेख ओबडधोबड दिसतो, तरी पहिल्या पाच मिनिटांत किती जण सुटले आणि शेवटपर्यंत किती टिकले एवढं समजतं. आणि प्रत्येक भागाच्या शेवटी एक पत्ता सांगा, जिथे लोक लिहू शकतील. 60 जणांतल्या तिघांनी लिहिलं तर ते फार आहे. त्यातला एखादा पुढचा कारागीर सुचवेल.

एक दुरुस्ती मात्र आजच करा. तिसऱ्या भागात, त्या अकरा सेकंदांखाली तुम्ही संगीत घातलंय. बहुधा शांततेची भीती वाटली, मलाही वाटायची. मूळ ट्रॅक ठेवले असतील तर ते संगीत काढा आणि नवी फाइल चढवा. फीडमधला त्या भागाचा जीयूआयडी, म्हणजे ॲप ज्यावरून भाग ओळखतं तो क्रमांक, तोच राहू द्या, म्हणजे आधी ऐकलेल्यांना तो नवा भाग म्हणून पुन्हा दिसणार नाही, आणि यापुढे जो येईल त्याला ती तार स्वच्छ ऐकू येईल.